कबुतरं माझी, मुंग्या त्याच्या

आमच्या वजीहसाहेबांना बालपणच नव्हतं. ते थेट इंजिनिअर म्हणूनच जन्माला आले असावेत. कॅनडाला जायचं तर नवराबायको दोघांनाही इंग्रजीची तोंडी परीक्षा पास होणं भाग होतं, म्हणून तांता शहरातल्या आमच्या घरी रोज सराव चालायचा. 'लहानपणीची आवडती आठवण' हा विषय निघाला, की स्वारी छताकडे बघत बसायची.

"अरे, मौलिदची ती साखरेची बाहुली सांग ना!" मी म्हणायचे.

मौलिदला, म्हणजे पैगंबरांच्या जन्मोत्सवाला, मुलींना साखरेची बाहुली मिळते, मुलांना घोडा. या पठ्ठ्यानं बाहुलीसाठी भर बाजारात लोळण घेतली, मिळाल्यावर तिला कुशीत घेऊन झोपला आणि सकाळी अंगभर मुंग्या! सासूबाई दर ईदला हे सांगतात आणि स्वतःच हसून बेजार होतात.

"गप गं! अख्ख्या कॅनडात अब्रू घालवशील माझी."

माझी आठवण मात्र तयार होती. गच्चीवर बाबांचा कबुतरखाना. मी लाल फडकं हलवायचे आणि थवा खाली यायचा. एकदा त्यात शेजारच्यांचं पांढरं कबुतर आलं. "ज्याच्या छपरावर उतरलं त्याचं," म्हणत बाबांनी ते माझ्या हातात दिलं. आमचा सराव चालू होता तेव्हा बाबा नुकतेच वारले होते. सांगताना रडू फुटू नये म्हणून मी ते पुन्हा पुन्हा म्हणून बघायचे.

परीक्षेला वजीह आधी आत गेला आणि नवरदेवासारखा मिरवत बाहेर आला.

"इनास, तोच विषय! कबुतरं सांगून टाकली."

"कुणाची कबुतरं?"

"तुझीच की. मुलीचा मुलगा केला, बस. दुसरं काही सुचेचना. आणि रागावतेस काय? ज्याच्या छपरावर उतरलं त्याचं!"

चोर तो चोर, वर शिरजोर! माझे बाबा, माझं फडकं, सगळं उचललं मेल्यानं. मला रडूच आलं. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं.

तीच परीक्षक बाई, तोच विषय. तीच कबुतरं पुन्हा उडवली असती, तर पाठांतर म्हणून बाईनं मला घरी पाठवलं असतं. मग काय, मी घोड्यासाठी हटून बसलेली मुलगी झाले. बाजारात लोळले, घोड्याला कुशीत घेऊन झोपले, मुंग्यांनी उठवलं. सासूबाईंचे हातवारेसुद्धा सोडले नाहीत. बाई पोट धरून हसली.

निकाल लागला. मी पास, साहेब नापास. बाईनं त्यांना विचारलं होतं म्हणे, फडकं हलवून हात दुखायचे का? तिथंच साहेबांची दातखीळ बसली.

"इनास," आता आवाज कसा लोण्यासारखा मऊ, "पुढच्या वेळी ती बाहुली सांगतो. जरा बसवून घे ना."

"कुठली बाहुली? घोडा होता तो, आणि माझा होता. ज्याच्या छपरावर उतरलं त्याचं."

"मग मी काय सांगू?"

"कबुतरं सांग. बाबांचा थवा भाऊ अजून उडवतो. उद्यापासून त्या गच्चीवर जायचं आणि हात भरून येईपर्यंत फडकं हलवायचं. मग खुशाल सांग, 'माझे बाबा' म्हणून."