एका रिंगला एक चमचा

मी एक जुना धडा आहे, मित्रांनो. पण तुमच्या पाठ्यपुस्तकात मला शोधू नका. मला कागद नाही, पुठ्ठा नाही. इंटरनेटवरच्या एका खुल्या शाळेत माझे एकच लांबलचक पान आहे. या शाळेला फाटक नाही आणि फीही नाही. कोणीही येऊन शिकावे, आणि ज्याला जे येते ते त्याने इतरांना शिकवावे, एवढाच तिथला नियम. माझ्या डोक्यावर 'दुरुस्त करा' असे एक बटण आहे. मला त्याचा फार अभिमान वाटतो, कारण छापील धड्यांना ते नसते.

माझे नाव 'पुरानंतर विहीर कशी स्वच्छ करावी'. मी मल्याळम भाषेत जन्मलो, केरळातल्या पालक्काड जिल्ह्यात, तंकमणी टीचरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. टीचरनी एकतीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले होते. त्या वर्षी नदी गावात शिरली आणि घरोघरच्या विहिरी गढूळ झाल्या. ब्लीचिंग पावडर किती टाकायची, हे विचारायला लोक टीचरच्या दारी येऊ लागले. टीचर लिटरचा हिशेब सांगू लागल्या, तेव्हा विहिरी उपसणारा वेलायुधन मोठ्याने हसला.

"टीचर, विहिरीत लिटर किती ते कोणाला ठाऊक? रिंगा विचारा. किती रिंगा पाण्याखाली आहेत, ते शेंबडं पोरही सांगेल!"

रिंग म्हणजे विहिरीच्या आत एकावर एक बसवलेले सिमेंटचे कडे. टीचरना ते पटले. त्यांनी वेलायुधनच्या अंगणात पडलेली एक रिंग पट्टीने मोजली, गणित केले आणि माझ्या मधोमध ठळक अक्षरांत लिहिले: 'एका रिंगला चहाचा एक सपाट चमचा. तासाभराने पाण्याला पावडरचा मंद वास आलाच पाहिजे.'

त्यानंतरची वर्षे माझ्या भरभराटीची. त्रिश्शूरच्या एका मुलीने माझ्यात चित्रे काढली. कोळिक्कोडच्या एका परिचारिकेने लिहिले की पावडर हाताळताना नाकातोंडावर फडके बांधावे. कोणीतरी मला तमिळमध्ये नेले. एक गृहस्थ तर दर आठवड्याला येऊन फक्त माझे स्वल्पविराम नीट करीत. त्यांना विहीर होती की नाही, कोण जाणे! इतक्या हातांनी मला घडवले, म्हणून मी वाढलो.

मग माझे कौतुक झाले. शाळेची व्यवस्था पाहणारा बिजोय हा बंगळूरला नोकरी करणारा तरुण. त्याने माझ्या माथ्यावर उत्तम धड्याचा तारा लावला. ताऱ्याबरोबर कुलूपही आले. आता मला कोणी बिघडवू नये, म्हणून 'दुरुस्त करा' हे बटण बंद झाले. तेव्हा मलाही बरे वाटले. आपण पूर्ण झालो, अशी माझी समजूत झाली. लोक येत, वाचत आणि निघून जात. स्वल्पविरामवाले गृहस्थही येईनासे झाले.

दोन वर्षे अशी गेली. मग एका पावसाळ्यात, शनिवारी सकाळी, ताणूरच्या समुद्रकाठच्या अंगणवाडीत सुबैदाने मला फोनवर उघडले. सुबैदा तिथली शिक्षिका. पुराचे पाणी तिच्या अंगणवाडीच्या विहिरीत गेले होते, आणि सोमवारी बावीस मुले येणार होती. त्यांची पेज याच पाण्यात शिजायची, आणि प्यायलाही हेच पाणी. तिने माझी एकेक ओळ वाचली, सात रिंगांना सात चमचे टाकले आणि तासाभराने बादली वर ओढून वास घेतला. वास येईना. पुन्हा घेतला. तरीही नाही.

एवढ्यात पंचायतीचे मेंबर हंसा आले.

"झालं ना टीचर? दारावर लिहून टाका, पाणी चांगलं आहे म्हणून."

"वास येत नाही, मेंबर."

"धड्याप्रमाणे केलंत ना? मग झालं! एवढ्या मोठ्या धड्यापुढं तुमच्या नाकाचं काय घेऊन बसलात?"

"नाक माझं आहे आणि सोमवारी येणारी मुलंही माझीच आहेत. मी नाही लिहिणार."

तिने माझे बटण दाबून पाहिले. ते हलेना. मग माझ्या शेजारच्या चर्चेच्या पानावर तिने लिहिले, 'तुमच्या मापाने पावडर टाकली, वास आला नाही. माप चुकलं आहे का?'

बिजोयचे उत्तर लगेच आले, ताईला म्हणतात तसे 'चेच्ची' म्हणत. 'चेच्ची, हा तारा मिळालेला धडा आहे. चार हजार लोकांनी वापरलाय. तुमची पावडर जुनी असेल.'

'डबा आज सकाळीच फोडला.'

'मग रिंगा मोजताना काहीतरी चुकलं असेल.'

'सातपर्यंत मला मोजता येतं, बाळा. रोज मुलांना तेच शिकवते.'

तंकमणी टीचर हे सगळे वाचत होत्या. त्यांनी लिहिले, 'धडा बरोबर आहे.' ती अक्षरे उमटलेली मला जाणवली, आणि मग एकेक करून पुसली जातानाही जाणवली. एकतीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या बाईंना ते पुसणे सोपे गेले नसेल. थोड्या वेळाने त्यांनी दुसरेच लिहिले. 'टीचर, तुमच्या विहिरीची रिंग किती उंच आहे?'

सुबैदाने अंगणात पडलेल्या जादा रिंगचे छायाचित्र पाठवले. आत चार वर्षांचा एक मुलगा उभा होता आणि रिंग त्याच्या पोटापर्यंत येत होती. तंकमणी टीचरच्या गावची रिंग त्या मुलाच्या गुडघ्यापर्यंतच आली असती!

टीचर तशाच वेलायुधनच्या घरी गेल्या. मी त्यांच्या हातातल्या फोनवर उघडाच होतो.

"वेलायुधा, रिंगा सगळीकडे सारख्या नसतात का रे?"

"कशा असतील? इथं आम्ही दोघंजण रिंग दोरीनं विहिरीत सोडतो, म्हणून बुटक्या. समुद्राकाठी वाळू ढासळते, तिथं रुंद आणि उंच लागतात."

"मग त्या वेळी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? माझ्या अंगणातली मोजलीत आणि लिहायला बसलात."

टीचरना हसूही आले आणि लाजही वाटली. घरी येऊन त्यांनी चर्चेच्या पानावर सर्वांना दिसेल असे लिहिले, 'चूक माझी आहे. माझ्या गावची रिंग हीच सगळ्या केरळची रिंग, असं मी धरून चालले. बिजोय, कुलूप काढ.'

'टीचर, कुलूप काढलं तर कोणीही काहीही लिहील.'

'लिहू दे. वाकडं लिहिलं तर दुसरा कोणी सरळ करेल. पण आज जिला चूक दिसली, तिलाच आपण दाराबाहेर उभं ठेवलं.'

दुपारच्या आत माझे कुलूप निघाले. सुबैदाने मुलांची उंची मोजायची फीत रिंगला लावली. रुंदी आणि उंचीवरून पाणी किती ते कसे काढायचे, हे तंकमणी टीचर तिला सांगत गेल्या. गुणाकार मात्र त्यांनी तिलाच करायला लावला. आकडा आधीच्या दुपटीहून जास्त आला. सुबैदाने कमी पडलेली पावडर टाकली, तासाभराने बादली ओढली आणि एकच शब्द पाठवला, 'आला!' रविवारभर तिने विहिरीला कोणाला हात लावू दिला नाही.

नंतर बिजोयने स्वतःहून सगळ्या वाचकांना आपापली रिंग मोजायला सांगितले. गावोगावची मापे आली, आणि माझ्यात आता त्यांचा एक मोठा तक्ता आहे. 'एका रिंगला एक चमचा' ही ओळ गेली. तिच्या जागी सुबैदाने लिहिलेली ओळ आहे, 'आधी आपली रिंग मोजा.' कुलूप असलेल्या त्या दोन वर्षांत किती जण अर्धवट स्वच्छ झालेले पाणी प्यायले, हे मला कळलेले नाही. ते मला अजून टोचते.

त्या सोमवारी चर्चेच्या पानावर सुबैदाचा निरोप आला होता. 'बावीसच्या बावीस आली. पेज संपली. पाणी दोनदा मागितलं.' त्याखाली तंकमणी टीचरनी विचारले होते, 'टीचर, पुढचा धडा आपण दोघी मिळून लिहायचा का?'

मित्रांनो, तुमची पुस्तके तुम्ही वेष्टण घालून जपता, ते चांगलेच आहे. मला मात्र उघडे ठेवून जपा. वाचा, करून पाहा. आणि माझे शब्द तुमच्या विहिरीशी जुळले नाहीत, तर 'आपलंच काहीतरी चुकलं असेल' म्हणून गप्प बसू नका. माझे बटण दाबा आणि लिहा. मी ऐकून घेईन.