दिलेल्या लेकीचं रक्त

पाथर्डीच्या एसटीत मांडीवर थर्मास धरून बसलेल्या माणसाने शेजाऱ्याला सांगितलं, "चहा नाही यात." शेजारी रुसला.

*

पंचमीला बायका माहेरी गेल्या की गल्लीतल्या घरांच्या किल्ल्या कलाबाईकडे असायच्या. धम्मदीक्षा घेतल्यावर सण सुटले, पण माहेरची वाट कुणी सोडली नाही. किल्ल्या सांभाळायला माणूस लागायचंच.

*

माणसाच्या पेशीत एक अगदी छोटा धागा असतो. तो फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात काडीचाही वाटा नसतो.

*

पूर्वी लग्नात मुलीचं नाव बदलत. सासरी गेलेली चंद्री दुसऱ्या दिवसापासून मथुरा होई, आणि नातवंडांना ती मथुराच माहीत असे.

*

लेथवरच्या दांड्यात केसभर फरक राहिला तरी भीमराज तो दांडा परत करायचा.

*

तर थर्मास मांडीवर घेऊन बसलेला तो हाच भीमराज. नगरच्या एमआयडीसीत टर्नर. किल्ल्या सांभाळणारी कलाबाई ही त्याची आई, आणि धाग्याबद्दल ज्या मुलीने त्याला समजावलं ती त्याची लेक, जयमाला. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. काय संशोधन करते, हे भीमराजला नीट सांगता यायचं नाही, पण ती करते हे तो कारखान्यातल्या प्रत्येकाला सांगून चुकला होता.

अशाच एका जेवणाच्या सुट्टीत गोष्टीने पेट घेतला. उसाचा हंगाम संपल्यावर ठेकेदाराकडून कामाला आलेला कल्याण नावाचा पाथर्डीकडचा पोरगा समोर बसून भाकरी खात होता. बोलता बोलता म्हणाला, "आमच्या आजीची बहीन दुष्काळात खडीच्या कामावर हारवली, भाऊ. पटकी आली, लोकं जीव घिऊन पळाली. ही पूर्वेला गेली, बहीन नगरच्या बाजूला. परत गाठच न्हाई."

भीमराजचा घास तोंडातच राहिला. हीच गोष्ट त्याने आईच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. फक्त तिच्यात उलट होतं. हरवलेली बहीण, म्हणजे आईची मावशी, पूर्वेला गेली होती आणि तिचं नाव होतं चंद्री.

"तुझ्या आजीचं नाव काय?"

"मथुरा."

झालं. तिथेच वाट बंद. मथुरा हे सासरचं नाव. लहानपणी तिला काय म्हणत, हे सांगायला त्या घरात कुणी उरलं नव्हतं.

कलाबाई पोरकी वाढलेली. आई लवकर गेली, भाऊ नाही, मामा नाही. चंद्रीमावशीचं कुणी निघालं, तर पंचाहत्तरी उलटून गेल्यावर तिला माहेर मिळणार होतं. एवढीच गोष्ट होती, पण कलाबाईची झोप उडाली.

जयमालाने रविवारी येऊन सगळं ऐकलं. म्हणाली, "आजी, तुझं रक्त आणि त्या घरातल्या तुझ्या मावशीच्या पोटच्या बाईचं रक्त, दोन्हीतला आईकडचा धागा मी वाचून बघते. वेगळा निघाला तर नातं नाही, हे नक्की. सारखा निघाला तर मात्र..." ती थांबली. "सारखा निघाला, एवढंच सांगता येईल."

"वाच," कलाबाई म्हणाली. "पर एक सांगते. न्हाई निघालं तर मी त्या उंबऱ्यावर पाय ठिवनार न्हाई. दुसरीच्या माहेरात जाऊन बसायची सवय न्हाई मला."

जयमालाला प्रयोगशाळेतून सुटी नव्हती. म्हणून भीमराज बर्फाचा थर्मास घेऊन गेला.

कल्याणच्या घरी त्याचं दणक्यात स्वागत झालं. जय भीम झाला, चहा झाला, शेंगा झाल्या. भीमराजने विचारलं, "घरात मोठी बाई कोण?"

"ह्या काय," म्हणत सगळ्यांनी कल्याणची आई रंगुबाई पुढे केली. तिचा नवरा आसाराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर तिच्याच शब्दावर चालत होतं. गावच्या डॉक्टरने सुई बाहेर काढली तेव्हा रंगुबाई हसली.

"उसाच्या पाचटानं जल्मभर माजं रक्त काढलंय. ही सुई काय घिऊन घील?"

कुणाला काही खटकलं नाही. भीमराजलाही नाही.

महिन्याभराने जयमाला घरी आली ती पायातली चप्पल न काढता दारातच उभी राहिली. म्हणाली, "नाही, आजी. खूप ठिकाणी वेगळं आहे."

"बरं," कलाबाई म्हणाली. ती उठली. खुंटीवर काढून ठेवलेलं नवं लुगडं तिने घडी मोडू न देता पेटीत ठेवलं, पेटीवर गोधडी टाकली आणि जेवायला वाढलं. भीमराजला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

कुणी दुसरं असतं तर इथे विषय संपला असता. जयमालाचा संपला नाही. आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता ती म्हणाली, "पप्पा, रंगुबाईंचं माहेर कुठलं?"

"शेवगावकडचं. तिथनं तिला पाथर्डीत..." भीमराज बोलायचा थांबला.

"पाथर्डीत दिली. म्हणजे सून."

"सून," भीमराज म्हणाला.

"मी तुम्हाला मावशीआजीच्या पोटची बाई सांगितली होती."

"मी घरातली मोठी बाई विचारली."

केसभर फरकाला दांडा परत करणारा माणूस. त्याने ताट सरकवलं. चुलीपाशी कलाबाईला मात्र हसू आवरेना.

"त्याला का बोलतीस, गं? सूनच मोठी आसती घरात. हितं माज्या घरात कोन मोठं हाय, तूच सांग. मीबी सूनच की."

दुसऱ्या दिवशी भीमराजने कल्याणला गाठलं. "तुझ्या आजीला लेक नव्हती?"

"हाय की. झुंबरआत्या. नेवाशाकडं दिलीय." कल्याणला प्रश्नच समजेना. "पर ती तर दिलेली, भाऊ. ती आता तिकडची. तिचं रक्त आमच्या घरचं कसं धरायचं?"

या वेळी जयमाला स्वतः गेली. सोबत भीमराज होता. थर्मास त्याच्याच मांडीवर.

झुंबरबाई ओसरीवर कापसातला पाला वेचत बसली होती. सुकलेली, उन्हाने काळवंडलेली, बोलायला तिखट. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "माहेरचं इचारायचं तर भावजयीला इचारा. दिलेल्या लेकीला काय इचारता? एकदा उंबरा वलांडला की संपलं. माज्या भावाचं मयत झालं तवाबी मी पाव्हनीच हुते."

जयमाला तिच्या शेजारी मांडी घालून बसली. भीमराज तिच्याकडे बघत राहिला. ही पोर पुण्यात इंग्रजीत बोलते, त्याने कानांनी ऐकलं होतं. इथे तिने एकही मोठा शब्द वापरला नाही.

"आत्या, आईने तुम्हाला एक वस्तू दिली. ती भावालाही दिली. पण भाऊ ती पुढे देऊ शकत नाही. त्याच्यापाशी ती संपते. तुमच्यापाशी संपत नाही. तुमच्या लेकीकडे गेली, तिच्या लेकीकडे जाईल. नाव बदललं, गाव बदललं, तरी ती बदलत नाही. पाथर्डीच्या घरात आज ती कुणाकडेच नाही. तुमच्याकडे आहे."

झुंबरबाईचे हात कापसात थांबले.

"म्हंजी माज्या आयचं घर माज्याकडं हाय?"

"हो."

"आन् इतकी वर्सं मला कुनी सांगितलं न्हाई."

तिने चोळीची बाही वर सरकवली. "घे. लागंल तेवढं घे."

पुण्यात जयमालाने ते काम एकदा केलं, मग दुसरी नळी घेऊन पहिल्यापासून पुन्हा केलं. घाई करू नकोस, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. घाईने आलेलं चुकीचं उत्तर आपल्या आजीने किती शांतपणे पेटीत ठेवलं, ते तिने पाहिलं होतं.

या खेपेला ती चप्पल काढून आत आली.

"आजी, वाचला तेवढा धागा दोघींचा अक्षर न् अक्षर सारखा आहे. त्यात एक खूण अशी आहे, की आमच्या प्रयोगशाळेत वाचलेल्या दुसऱ्या कुणाच्याच धाग्यात ती नाही."

"म्हंजी व्हय?"

"म्हणजे आता नाही म्हणता येत नाही."

कलाबाईने थोडा विचार केला. "पुरं झालं की मग. व्हय म्हननारी मानसं मी लई बघितली. व्हय म्हनायची आन् यायची न्हाईत."

भीमराजला जयमालाचा अभिमान होताच. पण त्याला सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच वाटली. लेकीला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, तरी तिने त्यात चिमूटभरही भर घातली नव्हती. एवढ्या मायेत एवढा खरेपणा राखणं त्याला लेथवरही क्वचित जमलं होतं.

आणि मग कलाबाई गेली. नेवाशाच्या गाडीतून उतरून, भीमराजचा हात झिडकारून, नव्या लुगड्यात, एकटी पुढे. झुंबरबाई दारात उभी होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. गळ्यात गळे पडतील म्हणून शेजारणी पदर सावरून तयार होत्या.

"एवढा उशीर?" झुंबरबाई म्हणाली.

"तुजं गाव रस्त्यात कुटं लागतंय?"

"मोटी कोन, तू का मी?"

"मी."

"तुज्याकडं बघून तर वाटत न्हाई. दात हायेत तुला."

"माज्या आयचे हायेत ते."

"मग माज्या आयनं मला का न्हाई दिले?" असं म्हणत झुंबरबाईने तिच्या पायावर पाणी घातलं, आणि भीमराजकडे वळून म्हणाली, "तू जा, बाबा. माहेरी आलेल्या बाईला पोरांनी लगीच न्यायला यायचं नसतं."

भीमराज परतीच्या गाडीत बसला. या वेळी चहा भरून नेलेला थर्मास तो तिथेच विसरला होता.

झुंबरबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरलाच झालं होतं, पंच्याण्णव साली, ऐन उसाच्या हंगामात. माहेरची माणसं ऊसतोडीला गेलेली, आणि नगरातल्या कलाबाईला ती ठाऊकच नव्हती; तेव्हा तिला भेटायला कुणी आलं नव्हतं.