लेकरांचा उपास

पिंगळीच्या स्टेशनालगतच्या धर्मशाळेत मी बारा आयांना एकच गोष्ट पाच वेळा सांगितली होती. उद्या डॉक्टरीणबाई लेकरांना भूल देणार. भुलीत पोटातलं वर आलं तर श्वासात अडकून लेकरू दगावतं. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर घास नाही आणि सकाळी पाण्याचा घोटही नाही. पाढे म्हणून घ्यावेत तसं मी ते त्यांच्याकडून म्हणून घेतलं. बायका हसल्या, पण म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई समुद्रापलीकडून आलेल्या. फाटक्या ओठांची लेकरं असतील तिथं जायचं आणि ओठ शिवून द्यायचे, हे त्यांचं काम. परभणीच्या आमच्या बालसेवा मंडळानं वर्षभर पत्रं लिहून त्यांचा एक दिवस मागून घेतला होता. एकच. दुपारी चारच्या गाडीनं त्या नांदेडकडे जाणार होत्या.

त्या बारा लेकरांत बोरीची बायना होती. वय सात. तिचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, टाळूही दुभंगलेली. माझ्या खानगी शाळेत ती पाटीवर शंभरापर्यंत अंक झरझर लिहायची, पण मोठ्यानं म्हण म्हटलं की मान खाली. तिचं बोलणं कळायचं ते तिच्या आईला, चतुराबाईला, आणि सवयीनं मला. पोरं नकला करायची. आठ दिवसांपासून ती शाळेत यायचीच बंद झाली होती. ओठ शिवला की येईन, असं तिनं मला सांगितलं होतं.

सकाळी पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांचा शिपाई धर्मशाळेत आला.

"इतका मजमा कुणाच्या इजाजतीनं जमवलाय, मास्तर?"

इजाजतीचा कागद मंडळाचे चिटणीस किशनराव यांच्या कोटात, आणि किशनराव स्टेशनावर. मी धावत गेलो. फलाटावर ते हारांची टोपली शेजारी ठेवून स्वागताचं भाषण करत होते. डॉक्टरीणबाई घड्याळ बघत उभ्या.

"किशनराव, कागद द्या आणि बाईंना सोडा."

"दोन मिनिटं, गुरुजी. प्रास्ताविक तर होऊ द्या."

प्रास्ताविकात पाऊण तास गेला.

कागद घेऊन परत आलो, तो शिपायाच्या हातात दिला आणि बघतो तर धर्मशाळेच्या ओट्यावर द्रोण मांडलेले. मंडळाचे अध्यक्ष कल्याणराव यांच्या पत्नी उमादेवी परभणीहून छकड्यातून आल्या होत्या आणि मोठ्या पातेल्यातून वाढत होत्या. लेकरं बोटं चाटत होती.

"काकू, हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजे? मालक म्हणले, लेकरांना उपास हाय. म्हणून पहाटंच उठून भगर टाकली, रताळी उकडली. शेंगदाण्याची आमटी बी हाय. सगळं उपासाला चालतंय, गुरुजी. मिठाचा खडासुदिक निराळा आणलाय."

"पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं!"

"निर्जळी? इत्तुशा लेकरांना?" त्यांनी मलाच दटावलं. "मोठ्या माणसाला झेपत न्हाई ती."

मी आयांकडे बघितलं. वालूरची भागम्मा म्हणाली, "आमी न्हाई म्हणलं की, गुरुजी. पण काकू म्हणल्या फराळानं उपास मोडत न्हाई. खरंच हाय की ते."

पाच वेळा म्हणून घेतलं होतं.

डॉक्टरीणबाई आल्या. द्रोण बघून जागीच थांबल्या. मोडक्या हिंदुस्थानीत त्यांनी विचारलं, "सबने खाया?" मी मान हलवली. सहा तास थांबायला हवं होतं आणि गाडी चारची. त्यांनी अवजारांची पेटी उघडलीच नाही.

तेवढ्यात बायनानं माझं धोतर ओढलं आणि नाकातून काहीतरी म्हणाली. मला कळलं. "मी खाल्लं न्हाई."

"खाल्लं की!" उमादेवी म्हणाल्या. "ह्या हातानं वाढलंय. द्रोण रिकामा केला तिनं."

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तिनं खाल्लं नाही हे मी कसम खाऊन सांगू शकतो का. मला सांगता येईना. ओठासाठी बायना खोटं बोलली असती तर मी तिला रागावलो नसतो. पण त्या खोट्यापायी तिचा जीव गेला असता. मी नाही म्हणालो, आणि माझ्याकडे विश्वासानं बघणारं ते पोर हिरमुसलं.

मग तिनं उमादेवींचा हात धरला आणि त्यांना ओढत धर्मशाळेमागं नेलं. आम्ही पाठोपाठ गेलो. लिंबाच्या बुडाशी भगर सांडलेली होती, रताळ्याच्या फोडीही तशाच. मुंग्या लागल्या होत्या.

"का गं बाई? आळणी झालती का?"

चतुराबाई पुढं झाली. "चार लोकांत खात न्हाई ती, काकू. नाकातनं बाहीर येतं. हसत्यात लोकं."

उमादेवींनी पदर नीट केला, सरळ डॉक्टरीणबाईंपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "हिचं पोट रिकामं हाय. माझ्या डोळ्यांनी बघून आले मी. करा हिचं."

मी ते हिंदुस्थानीत सांगितल्यावर बाईंनी पेटी उघडली आणि बायनाला आत नेलं. टाळूचं आज होणार नव्हतं, फक्त ओठाचं.

बाकीच्या अकरा आया बोचकी बांधू लागल्या. भागम्मा लेकराला काखेत घेऊन माझ्यापुढं आली. "फुडच्या साली येतील का त्या?"

"माहीत नाही, बाई."

"पत्र लिवा की."

लिहीन म्हणालो. मागचं पत्र पोचून उत्तर यायला सात महिने लागले होते.

किशनराव माझ्या कानाशी आले. "गुरुजी, एक तर झालं ना? आता निरोपाचं दोन मिनिटं..." हारांची टोपली त्यांनी पुन्हा आणली होती. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि उमादेवींच्या छकड्याच्या बैलांपुढं ठेवली. तीस वर्षं मास्तरकी केली, पण कुणावर असा चिडलो नव्हतो. बैलांनी झेंडू आवडीनं खाल्ले.

तीनच्या सुमाराला आतून बायनाचं कण्हणं ऐकू आलं. पाणी मागत होती. उमादेवी फुलपात्र भरून दारापर्यंत धावल्या आणि उंबऱ्यावरच थबकल्या.

"गुरुजी, इचारा त्या बाईला. देऊ का नको? मी न्हाई देत आता इचारल्याबिगर."

मी विचारलं. थोडं थांबा, असं उत्तर आलं.

"थोडं म्हंजे किती?" उमादेवींनी विचारलं, आणि फुलपात्रावर तळहात ठेवून तिथंच बसल्या.