हात करणारी माणसं

शनिवार जवळ आला की सिर्क्कूचं डोकं गुरुवारपासूनच दुखायला लागायचं. कारण एकच, बाबा. खेड्यात जाऊन त्यांना गाडीत घालायचं, तांपेरे शहराच्या बाजारात न्यायचं, तिथलं काळं सॉसेज खाऊ घालायचं आणि परत नेऊन सोडायचं. "माझा अख्खा शनिवार जातो गं," असं ती ऑफिसात जिला-तिला सांगायची. ऐकणाऱ्याही माना हलवायच्या, कारण प्रत्येकीच्या घरी असं कुणी ना कुणी होतंच. तुमच्या-आमच्या घरी नाही का? उगाच सोवळ्यात कशाला शिरायचं!

सिर्क्कूचे बाबा ताउनो यांनी तांपेरेत जन्मभर टॅक्सी चालवली. बायको गेल्यावर ते तळ्याकाठच्या आपल्या जुन्या घरात राहायला गेले. तिथंही सुरुवातीला बरं चाललं होतं. गावातल्या कुणाला दवाखान्यात सोड, कुणाचं सामान आणून दे, असं करत दिवस जायचा. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदूनं बाजूची नजर खाल्ली आहे, आता समोरचं तेवढं दिसेल. गाडी बंद. लायसन्स जमा झालं. खेड्यात बस येते ती सकाळी एक आणि संध्याकाळी एक, शनिवारी तीही नाही. म्हणून मग शनिवारची जबाबदारी लेकीवर आली.

गाडीत शेजारी बसून ताउनो गप्प बसतील तर शपथ. "चिमणीपाशी डावीकडे घे!"

"बाबा, नकाशा सरळ जा म्हणतोय."

"नकाशानं टॅक्सी चालवलीय का कधी? डावीकडे घे म्हणतो ना!"

जुन्या कारखान्याची ती चिमणी आली की हे भांडण व्हायचंच. सिर्क्कू डावीकडे वळायची. मग ताउनो खूश. या दारात एक बाई रडत गाडीत बसली होती, त्या कोपऱ्यावर एका नवरदेवाला लग्नाला उशीर झाला होता, अशा गोष्टी बाजार येईपर्यंत चालायच्या. सिर्क्कूला त्या सगळ्या तोंडपाठ झाल्या होत्या. परत आल्यावर ताउनो अंगणातली वाफेची न्हाणी, म्हणजे सॉना, तापवायचे, आणि "घाम काढून जा, आठवडा हलका जाईल," म्हणायचे. ती बहुतेक वेळा घाईत निघून जायची.

सिर्क्कू नोकरी करायची ती ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात. बाजारात आलेली वस्तू वापरून बघायची आणि तिला पाचपैकी गुण द्यायचे, हे तिचं काम. उन्हाळा संपता संपता संपादक म्हणाले, "शहरात टॅक्सी चालवायचा एक फुकट खेळ आलाय मोबाइलवर. जो तो तोच खेळतोय. लोकांना त्यात एवढं काय आवडतं ते शोधून काढ." सिर्क्कूला लगेच बाबा आठवले. टॅक्सीवाल्यापेक्षा चांगला परीक्षक कोण मिळणार!

पुढच्या शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफी आणि वेलचीचा पाव मांडलेला असताना तिनं बाबांच्या फोनवर तो खेळ उतरवून दिला.

"हे काय लचांड?"

"गाडी चालवायचा खेळ आहे, बाबा. फुकट."

"फुकट? मग बनवणाऱ्यांची चूल कशी पेटते?"

"मध्ये मध्ये जाहिराती येतात. बघायच्या, झालं."

ताउनोंनी चष्मा चढवला आणि गाडी सुरू केली. पहिल्याच चौकात लाल दिवा होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ताउनो थांबले. वर घड्याळ पळत होतं.

"बाबा, जा की पुढे! वेळ संपतोय!"

"लाल आहे. दिसत नाही का तुला?"

"अहो, खेळ आहे तो!"

"मग काय झालं? दिवा लाल तो लालच."

एरवी ती बाबांशी एकेरीतच बोलायची, पण वैतागली की तिच्या तोंडून असं 'अहो' निघायचं. पुढे झेब्रा पट्ट्यांवर एक म्हातारी दिसली, तिच्यासाठी ताउनो पुन्हा थांबले. वेळ संपला, मागचं गिऱ्हाईक उतरून चालतं झालं आणि शाम्पूची जाहिरात लागली. सिर्क्कू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ताउनोही हसले. जाहिरात संपेपर्यंत ते हात मांडीवर ठेवून नीट बसून राहिले.

निघताना तिनं कामाचं विचारलं. "बाबा, खरं सांग, यात आवडलं काय?"

"लोक हात करतात गं," ते म्हणाले. "कोपऱ्यावर उभे असतात, मला बघतात आणि हात करतात. टॅक्सी सोडल्यापासून मला कुणी हात केला नव्हता."

सिर्क्कूनं ते टिपून घेतलं. पण लेख लिहायला बसल्यावर जागा कमी पडली. लाल दिव्याचा किस्सा मजेदार होता, तो राहिला, आणि हात करणाऱ्या माणसांचं वाक्य गेलं. शेवटी तिनं लिहिलं, 'आकर्षण: पाचपैकी पाच. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा ज्येष्ठांसाठी उत्तम सोबत.' संपादकांनी शाबासकी दिली.

त्यानंतरच्या शनिवारी पाऊस लागला होता. सिर्क्कूनं भीत भीत फोन केला. "बाबा, आज नाही जमलं तर चालेल?"

"चालेल, चालेल! माझी टॅक्सीची ड्यूटी चालूच आहे इथे."

रुसवा नाही, उसासा नाही! सिर्क्कूनं फोन ठेवला आणि दुपारभर सोफ्यावर लोळली. असा मोकळा शनिवार तिला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. पुढच्या शनिवारी मैत्रिणीकडे जेवण निघालं. त्याच्या पुढच्या शनिवारी काहीच नव्हतं, तरी ती गेली नाही. फोन केला की ताउनो दोन वाक्यांत आटपायचे, "बरा आहे, गिऱ्हाईक उभं आहे," आणि तीही सुटल्यासारखी हो म्हणायची. ऑफिसात कुणी विचारलं तर सांगायची, "बाबा ना, एकदम मजेत!" मंडळी, मला तिचा राग येतो. आणि राग येतानाच आठवतं, की असंच वाक्य मीही कुणाबद्दल तरी बोलून बसलो आहे.

नोव्हेंबर आला. दुपारीच अंधारायला लागलं. एक दिवस बाबांच्या शेजारच्या हिल्क्कामावशींचा ऑफिसात फोन आला. या मावशी गावातल्या शाळेत शिकवायच्या, लहानपणी सुट्टीत गावी आल्यावर सिर्क्कूला त्यांनीच लिहायला-वाचायला शिकवलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "शनिवारी ये. आणि आधी माझ्याशी बोल, मग घरात जा."

सिर्क्कू गेली तेव्हा मावशी अंगणातच उभ्या होत्या. सॉनाच्या धुराड्यातून धूर नव्हता. ओंडके फोडायचे तसेच पडले होते आणि त्यांवर बर्फ साचला होता. टपालपेटीतून कागद बाहेर आले होते.

"बाबा आजारी आहे का?"

"डॉक्टर म्हणतील तसा आजारी नाही," मावशी म्हणाल्या. "तुझा लेख वाचला मी. पाचपैकी पाच! कुणासाठी गं?"

"मावशी, त्याला खरंच आवडतो तो खेळ."

"आवडतो ना! सकाळी उठल्यापासून खेळतो. लाल दिव्याला थांबतो म्हणून हरतो, हरला की जाहिरात बघतो, परत खेळतो, परत हरतो. तुम्ही त्यावर हसलात आणि छापलंत. पण त्याच्याहून जास्त तो खेळ तुला आवडला, सिर्क्कू. तुझे शनिवार सुटले."

"मी दिवसभर राबते, मावशी! मलाही थकवा येतो."

"येणारच! मग तसं सांगायचं, बाबा, मी थकले, आज येत नाही. तो समजला असता, जन्मभर लोकांची रडगाणी ऐकलेला माणूस आहे. तू काही सांगितलंच नाहीस. हातात खेळणं दिलंस आणि पाय काढून घेतलास."

सिर्क्कू चिडली. "दोष त्या खेळवाल्यांचा आहे! फुकट म्हणायचं आणि म्हाताऱ्या माणसाला दिवसभर जाहिराती दाखवायच्या. लुटारू आहेत ते!"

"आहेतच लुटारू. त्यांना त्याचा वेळ हवा होता, तो त्यांनी घेतला. पण तुझ्या-माझ्यासारख्यांना त्याचा वेळ नको झाला होता, म्हणूनच तो त्यांना सापडला." मावशींचा आवाज खाली आला. "मी तरी कुठं मोठी शहाणी! रोज कॉफीला येऊन तेच किस्से सांगायचा. यायचा बंद झाला तेव्हा मला वाटलं, बरं झालं, सकाळ मोकळी झाली. आपल्या सगळ्यांचीच सोय झाली बघ. त्याला कुणीतरी हात करायला हवा होता गं, बाकी काही नको होतं त्याला."

सिर्क्कूला ते खोडलेलं वाक्य आठवलं. बाबांनी सांगितलं होतं! तोंडानं सांगितलं होतं, आणि तिनं जागा नाही म्हणून काढून टाकलं होतं! तिला तिथंच रडू फुटलं. मावशींनी तिला रडू दिलं, समजूत घातली नाही.

आत ताउनो टेबलाशी बसले होते. दाढी वाढलेली, ताटलीत लापशी वाळून गेलेली, फोनची वायर भिंतीला लावलेली.

"बाबा."

"थांब, एक बाई उभी आहे कोपऱ्यावर."

"बाबा, मी आलेय. चल, बाजारात जाऊ. काळं सॉसेज खाऊ."

"हं? आज शनिवार आहे का?" त्यांनी मान वर केली, तिच्याकडे बघून हसले आणि परत फोनमध्ये बघायला लागले. तिनं त्यांना कोट घातला, बूट चढवले, हाताला धरून गाडीत बसवलं. फोन त्यांच्या हातातच होता.

रस्ताभर ती बोलत राहिली. तळं गोठायला लागलंय, दुकानाला नवा रंग दिलाय, काय काय सांगितलं. ताउनो "हं" म्हणायचे. गाडीत ना किस्सा निघाला ना सूचना. नुसती त्या खेळातल्या इंजिनाची घरघर आणि मध्येच एखाद्या जाहिरातीचं गाणं. कारखान्याची चिमणी दिसायला लागली तशी सिर्क्कूच्या मनानं एक आशा धरली. तिनं मुद्दाम वेग कमी केला. मुद्दाम डावीकडचा रस्ता सोडला आणि नकाशा सांगतो तशी सरळ गेली. ओरड बाबा, ती मनात म्हणत होती. शिव्या घाल. एकदा म्हण, नकाशानं टॅक्सी चालवलीय का कधी!

चिमणी मागे पडली. ताउनो काही बोलले नाहीत.

बाजारात तिनं गाडी सॉसेजच्या टपरीच्या अगदी समोर लावली, म्हणजे त्यांना बसल्या जागेवरून सगळं दिसेल. टपरीवाल्यानं ओळखलं. "आज टॅक्सीवाले काका बोलत नाहीत काहीच?" त्यानं विचारलं. सिर्क्कूनं कागदी ताटलीत सॉसेज आणि लाल बेरीचा मुरंबा घेतला, दुधाचे पेले घेतले, आणि वळली. काचेपलीकडे बाबा होते, समोर, चार पावलांवर. तिनं ताटली खाली ठेवली आणि हात वर केला. टॅक्सीला करतात तसा, सरळ, उंच. हात केलेल्या माणसासमोरून तिचा बाप जन्मात कधी पुढे गेला नव्हता.

"बाबा!" तिनं हाक मारली. लोक वळून बघायला लागले. ती हात वर धरून उभी राहिली, बोटं गारठली तरी उभी राहिली. ताउनोंची मान खाली होती. फोनमध्ये दुसरंच कुणी हात करत होतं, आणि ते त्याच्यासाठी गाडी थांबवत होते.

पुढच्या अंकात सिर्क्कूनं स्वतःच्या नावानिशी आधीचे गुण मागे घेतले. 'या खेळाचं आकर्षण मी चुकीचं मोजलं,' तिनं लिहिलं. 'म्हाताऱ्या माणसाला तो सोबत देतो असं मी म्हटलं होतं. सोबत द्यायची होती ती मी, आणि माझी सुटका केली म्हणून मी त्या खेळाला पाचपैकी पाच दिले.'

वाचणाऱ्या भावाबहिणींनो, आपल्या घरातलं एखादं कटकट करणारं माणूस अचानक कटकट करायचं थांबलं, तर 'बरं झालं' म्हणण्याआधी उठा आणि जाऊन बघा. ते सुखात आहे म्हणून गप्प आहे, की आपली वाट बघणं त्यानं सोडून दिलंय? त्याला काही फुकट देऊन आपली सोय करून घेऊ नका. ज्याला आपला वेळ हवा, त्याला आपला वेळच द्यावा लागतो, आणि तो वेळेवर द्यावा लागतो. उशिरा नेऊन दिलेला वेळ माणूस ओळखतही नाही.

सिर्क्कू आता एकही शनिवार चुकवत नाही. चिमणीपाशी ती कधी सरळ जाते, कधी डावीकडे वळते, आणि शेजारी कान देऊन ऐकते. मग बाजारात उतरून गाडीसमोर उभी राहते आणि हात करते. ताउनोंनी अजून मान वर केलेली नाही.