सात वाजता वर जाणारा पडदा

मित्रांनो, मी स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा एक जुना गुंडाळीचा पडदा आहे, आणि एका बाईच्या मरणाला मी कारण झालो. तुम्ही म्हणाल, कापडाच्या तुकड्याला काय कळतं? मला सगळं कळत होतं, दुःख त्याचंच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड सुती कापडावर रंगाचे दोन थर दिले, लाकडी दांड्यावर मला गुंडाळलं आणि दांड्याच्या पोटात स्प्रिंग बसवली. खालच्या कडेला एक दोरी, तिच्या टोकाला लाकडी गोळी. ओढलं की खाली यायचं, हलका झटका दिला की वर जायचं, एवढंच माझं शिक्षण. मिशिगनच्या उत्तर टोकाला, मोठ्या सरोवराच्या काठी, फिनलंडहून आलेल्या लाकूडतोड्यांच्या नातवंडांचं एक गाव आहे. तिथल्या रेइनो लाहतिनेनने मला दुकानातून आणून रस्त्याकडच्या खिडकीवर टांगलं. त्याची बायको आयली म्हणाली, "रंग मळकट आहे."

"मळखाऊ आहे," तो म्हणाला.

त्या घरात माझं कौतुक झालं ते एवढंच. त्या लोकांत याहून जास्त कौतुक कुणाचंच होत नसे, त्यामुळे मला वाईट वाटलं नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी रेइनो गेला. त्याला पुरून आल्यावर चौथ्या दिवशी समोरच्या घरातली एल्मा कोस्की आली. ती आधीच विधवा होती. कॉफीचे दोन पेले झाल्यावर ती म्हणाली, "हे बघ आयली. मी सातला उठते आणि पडदा वर करते. तूही करत जा. आठपर्यंत तुझा वर गेला नाही, तर किल्ली घेऊन मी येईन. माझा गेला नाही, तर तू यायचं."

"त्यापेक्षा रोज फोन करू की."

"रोज काय बोलायचं?"

आयलीला ते पटलं. त्या दिवसापासून मला खरं काम मिळालं. आधी मी नुसता उजेड अडवत होतो, आता मी निरोप देऊ लागलो. सकाळी आयली कपाळावरचे केस मागे सारत यायची, गोळी धरायची, झटका द्यायची. मी वर जायचो. समोरचा पडदा वर गेलेला दिसला की ती "हं" म्हणायची. मग कॉफी, वेलदोड्याच्या पावाचा एक काप, आणि बाहेरच्या पायऱ्यांवरचं बर्फ झाडणं. त्या "हं"वर तिचा पुढचा सगळा दिवस उभा असायचा. कंबर दुखत असली, मुलाचा फोन आला नसला, तरी ती "हं" म्हटल्यावर कामाला लागायची. किती लहान गोष्ट होती ती! दोन म्हाताऱ्या रोज एकमेकींना सांगत होत्या की आज मी आहे, आणि त्यासाठी एक शब्दही खर्च होत नव्हता.

एकदाच माझ्याकडून उशीर झाला. आदल्या संध्याकाळी आयली सौनात, म्हणजे घरातल्या वाफेच्या खोलीत, जरा जास्तच वेळ बसली होती, तिला गाढ झोप लागली. आठ वाजून दोन मिनिटांनी दार उघडलं आणि एल्मा बर्फाचे बूट न काढता, हातात फावडं घेऊन थेट पलंगापाशी आली.

"मेलीस की काय?"

"झोपले होते."

"मग पडदा वर करून झोप ना बाई. मला इथे धाप लागली."

"आणि फावडं कशाला आणलंस? पुरायला?"

"दारात बर्फ होतं," एल्मा म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की आयलीला खोकला लागला. नंतर एल्माने बुटांचं पाणी स्वतः पुसून घेतलं. त्या सकाळी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. मी वर गेलो नाही, म्हणून एक माणूस धावत आलं होतं.

आता डेलबद्दल सांगतो. डेल हा आयलीचा मुलगा, तो डेट्रॉइटजवळ राहतो. मुलगा वाईट नाही, आणि तेच मला जास्त सलतं. वाईट असता तर मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या असत्या. तो नाताळला आला तेव्हा आयलीचा उजवा खांदा धरला होता. मला वर करताना ती ओठ चावत होती, ते त्याने पाहिलं.

"आई, हे असं फार दिवस चालायचं नाही. आमच्याजवळ एक चांगला वृद्धाश्रम आहे. बघून तरी ये."

"मी माझ्या घरात बरी आहे."

"साधा पडदा वर करता येत नाही तुला."

"येतो."

त्या घरात मरेपर्यंत राहायचं, एवढी एकच इच्छा आयलीला उरली होती. म्हणून तिने त्याला खरं सांगितलं नाही. ती हा पडदा कशासाठी उचलते, हे सांगितलं असतं, तर घरात एकटीला काही झालं तर कुणाला कळणार नाही याची तिला भीती वाटते, हेही कबूल करावं लागलं असतं. डेल दुसऱ्या दिवशी बाजारातून एक खोका घेऊन आला. त्याने माझा लाकडी दांडा काढला, स्प्रिंग काढली, दोरी कापली आणि मला एका पोकळ नळीवर गुंडाळलं. नळीत बॅटरीवर चालणारी मोटर होती. "सकाळी सातला आपोआप वर, संध्याकाळी साडेचारला आपोआप खाली," तो म्हणाला. "तुला हातसुद्धा लावायला नको."

"बरं आहे," आयली म्हणाली. त्या लोकांत "बरं आहे" म्हणजे काहीही असू शकतं. डेल खूश होऊन परत गेला.

तरीही एल्माला सांगता आलं असतं. आयलीच्या मनात ते होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण पुढच्याच आठवड्यात एल्मा पाव घेऊन आली आणि म्हणाली, "हल्ली ठोक्याला सातला पडदा वर जातो तुझा. खांदा सुधारला वाटतं?"

आयली क्षणभर माझ्याकडे बघत राहिली.

"सुधारलाय," ती म्हणाली.

एवढासा तोरा! सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला शेजारणीपुढे खांदा ठणठणीत दाखवायचा होता. मला तिचा राग येतो, आणि राग आला की लगेच लाजही वाटते, कारण तिने दुसऱ्या कुणाला कधी फसवलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सात वाजायला दहा मिनिटं असताना ती कॉफी ठेवायला आली. दारातल्या बुटांखाली बर्फाचं पाणी साचलं होतं, त्यावरून तिचा पाय सरकला. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. फोन भिंतीवर होता, उंच. ती जमिनीवरून हलू शकत नव्हती, पण ती ओरडली नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिला आशा होती, मित्रांनो. आठ वाजेपर्यंत थांबायचं, मग एल्मा किल्ली घेऊन येईल, असं तिने मनाशी धरलं होतं. मोटरचा तिला क्षणभर विसर पडला होता.

सात वाजले. नळीत गुरगुर झाली.

"नको," आयली म्हणाली. "नको जाऊस वर."

मी गेलो. मला अडता आलं नाही. समोर एल्मा पेला हातात घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि ती आत गेली.

संध्याकाळी साडेचारला मी खाली आलो. बुधवारी सातला पुन्हा वर गेलो. त्या दिवशी इतकं बर्फ पडत होतं की कुणाच्या पायऱ्या झाडल्यात आणि कुणाच्या नाहीत, हे समोरून कळलं नसतं. आयलीने त्या दिवशी मला काही म्हटलं नाही. दुपारनंतर तिचा श्वासही ऐकू येईना. गुरुवारी सातला मी पुन्हा वर गेलो, एखाद्या इमानदार नोकरासारखा. अकरा वाजता एल्माला दिसलं की पायऱ्या झाडलेल्या नाहीत, आणि ती आली. तिने बूट काढले नाहीत. बराच वेळ ती आयलीजवळ जमिनीवर बसून होती, तिचे केस कपाळावरून मागे सारत.

दफन झाल्यावर डेल आणि एल्मा याच स्वयंपाकघरात बसले. पहिल्या दिवशी सापडली असती तर वाचली असती, असं डॉक्टरांनी डेलला सांगितलं होतं. मोटरचं एल्माला तेव्हाच कळलं.

"मला वाटलं ती उठली," एल्मा म्हणाली. "तीन सकाळी मला वाटलं ती उठली."

"मला काय माहीत, मावशी? तिने सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू तिला उचलून त्या वृद्धाश्रमात नेलं असतंस."

"नेलं असतं," डेल म्हणाला. "आज ती असती."

एल्माने पेला विसळून पालथा घातला आणि विचारलं, "हे बंद कसं करतात?" डेलने मला खाली आणलं आणि नळीतून बॅटरी काढून घेतली. तेव्हापासून मी खाली आहे. घर रिकामं आहे.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं रोजचं काम काढून घेण्याआधी त्याला एकदा विचारा, हे तू कुणासाठी करतोस? तो लवकर सांगणार नाही, पुन्हा विचारा.

आणि एक विनंती आहे. माझ्या कडेला बोटभर फट आहे, तिच्यातून समोरचं घर दिसतं. एल्मा अजूनही सातला उठते, पडदा वर करते आणि सवयीने या खिडकीकडे बघते. तिच्या पडद्याकडे बघणारा आता मी एकटाच उरलोय, आणि एखाद्या सकाळी तो वर गेला नाही, तर मला इथून उठून जाता येणार नाही. तुमच्यापैकी कुणीतरी जा.