धुरपताबाईंचे हात

"वहिनी, याच्यातून आता दुप्पट करंट जाऊन राहिला. प्लग वितळन एखाद्या दिवशी!" बारावीतल्या रीताचे हे बोलणे चंदावहिनींनी हसण्यावारी नेले. मित्रांनो, ते बोलणे माझ्याबद्दल होते. मी एक जुना हीटर आहे. चिनीमातीची गोल थाळी आणि तिच्या खाचांत बसवलेली तारेची कॉइल, एवढाच माझा संसार.

चंदावहिनींचे यजमान योगराज यांनी मला गोंदियाच्या बाजारातून कुडवा गावातल्या घरी आणले, ते आपल्या आईसाठी, धुरपताबाईंसाठी. धुरपताबाई गल्लीतल्या तान्ह्या बाळांची मालिश करत. पूर्वी शेकायला कोळशाची शेगडी असे. मग त्या माझ्यासमोर तळहात तापवून बाळाच्या पोटावर ठेवू लागल्या. "माह्या पोरापेक्षा हा लवकर तापते," असे म्हणून योगराजला चिडवत. किती बाळे माझ्या उबेत झोपी गेली!

पण तार झिजते, मित्रांनो. कॉइल तुटली की योगराज जळका तुकडा काढून टाकत आणि उरलेली तार ओढून, पीळ देऊन जोडत. दर वेळी मी आखूड झालो, आणि दर वेळी जास्त तापलो. घरात सगळे खूश! "नव्यापेक्षा बेस झाला," योगराज म्हणत. माझे सर्वांत जास्त कौतुक त्याच दिवसांत झाले, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

चंदावहिनींना मुलगी झाली आणि मी दिवसदिवस चालू राहू लागलो. एकदा त्यांची नणंद रीता हिने घरातले बाकी सगळे बंद करून विजेच्या मीटरवर पाहिले. व्होल्टेज २३०, करंट ९.२ अँपिअर. मागे शाळेच्या प्रकल्पासाठी तिने मला मोजले होते, तेव्हा करंट ४.६ होता. ती वहिनींना समजावू लागली. व्होल्टेजला करंटने भागले की रोध मिळतो. तार आखूड झाली की रोध घटतो: तेव्हा पन्नास ओहम, आता पंचवीसच. व्होल्टेजला करंटने गुणले की शक्ती मिळते. तेव्हा १०५८ वॅट, आता २११६. "अन् हा प्लग सहा अँपिअरचा आहे, वहिनी!"

चंदावहिनी पदवीधर. हे गणित त्यांनीही कधीकाळी सोडवले होते. पण बाळाची छाती सर्दीने घुरघुरत होती. "मास्तरीणबाई, तिले ऊब पायजे, गणित नाही," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी भरदुपारी शेक चालू असताना प्लग वितळला. ठिणगी गोधडीवर पडली. धुरपताबाईंनी बाळ सुनेच्या हाती दिले आणि पेटती गोधडी उघड्या हातांनी ओढत अंगणात नेली.

बाळाला काहीच झाले नाही. धुरपताबाईंची बोटे मात्र आता सरळ होत नाहीत. बाया अजून बाळे घेऊन येतात. "हळू चोळ वं, कणीक नाही मळून राहिली तू," असे मालिश करणाऱ्या आईला सांगत धुरपताबाई नुसत्या शेजारी बसतात. परवा ते पाहून चंदावहिनींना रडू फुटले. धुरपताबाई म्हणाल्या, "कायले रडून राहिली? पोरगी हासून राहिली ना?"

मी परसात पडलो आहे, तारेविना. मित्रांनो, तुटलेली कॉइल जोडू नका, नवी घाला. जुना हीटर अचानक जास्त तापू लागला, तर त्याचे कौतुक करू नका. आणि तुमच्या शेजारी कुणी बाळंतीण असेल, तर आजच तिच्याकडे जा. बाळाला पाहाच, पण खाटेजवळचा प्लग काळा पडलाय का, जळका वास येतोय का, तेही पाहा. ती बाळाच्या काळजीत आहे. तिचे तिकडे लक्ष नसेल. जाल ना?