न धुतलेले हात

न्हाणीघरात पाण्याचा मग पडला. दुपारचं घर इतकं गप्प होतं की तो प्लास्टिकचा साधा आवाजही अंगावर आला. मी धावले. पिटू टॉवेल घट्ट गुंडाळून उभी होती.

"लागलं का गं?"

"मग नाही लागला. पण आई, इथे आधीपासूनच दुखतंय."

तिने छातीच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं. मी हळूच चाचपलं. कातडीखाली बटणाएवढी गाठ. सात वर्षांची पोर माझी, अजून दुधाचे दात पडताहेत.

मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी पाहिलं, आणि पिटूला काही विचारायच्या आधी मला विचारलं, "पडदे ओढलेस का?"

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे हळू बोलू लागले. पिटू खोलीत आली की वाक्यं अर्ध्यावर थांबायची.

"डॉक्टर-बिक्टर काही नको," सासूबाई म्हणाल्या. "चारचौघांत बोभाटा होईल. माईंकडे नेऊ."

बोभाटा नको म्हणून आम्ही जिथे गेलो, ते अख्खं गोदाम बायकांनी खच्चून भरलं होतं.

एकेकाळी तिथे कापसाच्या गासड्या ठेवत. आता मंच होता, दिवे होते, आणि मंचावर मऊ हातांची माई होती. लोक तिला तसंच म्हणायचे. हात खरोखर लोण्यासारखे होते. तिच्या लेपाची पांढरी डबी घराघरांत होती. तिच्या लेपाचा गुण येत नव्हता असं मी म्हणणार नाही. सासूबाईंची पाळी गेल्यापासून त्यांच्या अंगातून गरम वाफा निघायच्या, झोप नसायची. लेप सुरू केला आणि वाफा थांबल्या, चेहरा तुकतुकीत झाला. पाहुण्या विचारायच्या, "तुम्ही दोघी बहिणी का?" सासूबाई लाजायच्या. मला लाजण्यासारखं त्यात काही दिसत नव्हतं.

"लेप लावल्यावर हात धुवायचे का?" माईने विचारलं.

"नाही, माई!" गोदाम गरजलं.

"उरलेला हात कुठे पुसायचा?"

"लेकराच्या अंगावर, माई!"

"बरोबर. आशीर्वाद काय मोरीत सोडायचा?"

मग तिने मुलींना वर बोलावलं. पिटूला कुणीतरी उचलून मंचावरच्या उंच स्टुलावर बसवलं. दिवा थेट तिच्या तोंडावर. तिने दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून घेतले.

"बघा हिला, नीट बघा," माई म्हणाली. "वय सात आणि अंग पुढे धावतंय. का धावतंय? हिच्या आजीने म्हातारपण उतरवून ठेवलं. उतरवलेली वर्षं जाणार कुठे? घरात जे सगळ्यात लहान, त्याच्या अंगावर जाऊन बसतात!"

मागच्या बायका खुर्च्यांवर उभ्या राहून बघू लागल्या. 'अरेरे' म्हणत होत्या आणि माना लांब करत होत्या. वर्षं म्हणजे काय उतू गेलेलं दूध, ओट्यावरून सांडलं आणि खाली झोपलेल्या मांजरावर पडलं? पण हसायला कुणी नव्हतं. मी पिटूला उतरवायला निघाले, तर एका स्वयंसेविकेने माझं कोपर धरलं. "मध्ये यायचं नाही, ताई. वर्षं बिथरतात."

उपाय तयार होता. मुलीला दोन महिने माईच्या निवासात ठेवायचं, शाळा बंद. आईने भेटायला यायचं नाही. पुरावाही तयार होता. दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "माझं सगळं गेलं. माईंनी वर्षं काढून घेतली." टाळ्या पडल्या.

तिची आई मात्र खालून हात जोडून उभी राहिली. "माई, पण मागच्या वेळी घरी नेलं की पुन्हा सुरू झालं हो. आता ही तिसरी खेप."

"घरात कुणाची तरी श्रद्धा पातळ आहे," माई गोड हसली. "शोधा."

त्या बाईने मान खाली घातली. ती घरी जाऊन स्वतःलाच शोधणार होती, हे मला दिसत होतं.

पिटूला पुढच्या आठवड्यात पाठवायचं ठरलं. नवरा म्हणाला, "दोनच महिने तर आहेत. आईचं समाधान होईल."

"आणि पिटूचं?"

तो बुटांच्या नाड्या बांधत राहिला.

शाळेचे मोजे आणायला जाते असं सांगून मी पिटूला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी तिच्या पडलेल्या दाताची चौकशी केली. मग तिला विचारून, माझ्यासमोर, पडद्याआड तपासलं. उंची घेतली, रक्त घेतलं, हाताचा एक्स-रे काढला.

"छातीचा एक्स-रे नको?" मी विचारलं.

"हाडांचं वय हाताच्या पंजात दिसतं. हाडं वेळेआधी पिकली तर मुलगी आधी भराभर वाढते आणि मग उंची लवकरच थांबते." त्या माझ्याकडे वळल्या. "आलात ते बरं झालं. आठ वर्षांच्या आत छाती वाढायला लागली, तर 'हल्लीच्या मुली लवकर मोठ्या होतात' म्हणून बसून राहायचं नाही. पुष्कळदा काळजीचं काही नसतं. पण कधी मेंदूतल्या ग्रंथीत कारण असतं, कधी अंडाशयात. ते शोधावं लागतं. उपचार आहेत, पण वेळेत. दोन महिने कुठेतरी कोंडून ठेवणं हा उपचार नव्हे."

मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात कोण काय लावतं? क्रीम, मलम, तेल?"

"हिला काहीच नाही. सासूबाई एक लेप लावतात, स्वतःच्या हातांना, गळ्याला. मग हात..." मला गोदामातली गर्जना आठवली. "हात धुवत नाहीत. हिच्या अंगाला पुसतात. रोज."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "डबी आणून द्या मला."

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. लेपात इस्ट्रोजेन होतं, बाईच्या शरीराला बाई करणारं संप्रेरक. "पाळी गेल्यावर त्रास होतो त्या बायकांना डॉक्टर हेच देतात," त्या म्हणाल्या, "पण तपासून, मोजून. आणि बजावून सांगतात, लावलेल्या जागी लेकराचं अंग लागू देऊ नका, हात धुवा. तुमच्या माईने त्यात अत्तर घातलं आणि सूचना उलटी केली."

घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे मी माझ्या नातीला विष लावत होते?"

"तुम्ही नाही हो, आई. तुम्हाला दिलं ते."

"गप्प बस. तुला माई आधीपासून खुपते."

"मग मला खोटं पाडा. निवास थोडा पुढे ढकला. लेप बंद, हात स्वच्छ. काहीच फरक पडला नाही, तर तुम्ही म्हणाल ते ऐकेन."

त्यांनी डबी कपाटात टाकली ती रागाने. वाफा परत आल्या. खिडकीशी बसून वर्तमानपत्राने वारा घेत मला घालून-पाडून बोलायच्या, पण डबीला हात लावला नाही. जिद्दीची बाई. हळूहळू पिटूचं दुखणं थांबलं. गाठ मऊ झाली, बसत चालली. सासूबाई रोज विचारायच्या, आणि उत्तर ऐकून रोज थोड्या जास्त गप्प व्हायच्या.

काही महिन्यांनी सभा भरली तेव्हा मी आणि सासूबाई गेलो, पिटूला घरी ठेवून. डॉक्टरीणबाई सोबत होत्या. त्यांनी उभं राहून एवढंच विचारलं, "माई, तुमच्या निवासात लेप लावतात का?"

"छे! तिथे कडक पथ्य. लेपाला कुणी शिवतही नाही."

"म्हणजे मुलगी लेपापासून लांब गेली की बरी होते, आणि लेपाच्या घरात परतली की पुन्हा बिघडते. मग वर्षं कोण काढतं, तुम्ही की अंतर?"

कुजबुज झाली. माईचं हसू जागचं हललं नाही. "शिकलेल्या माणसांची श्रद्धा..."

"माझी नात घरातच बरी झाली," मागून आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या, घामाने चिंब. "कुठे पाठवली नाही. मी फक्त लेप सोडला, हात धुतले."

"तुमची श्रद्धा फळली, आजी!"

"कसली श्रद्धा? मी सुनेला खोटं पाडायला बसले होते!"

कुणीतरी फिसकन हसलं. दोन वेण्यांच्या मुलीची आई उठली आणि निवासाच्या दिशेने धावत सुटली. बाहेरच्या नळाशी बायकांची रांग लागली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नुसता पाण्याचा आवाज, आणि हात चोळणं, पुन्हा पुन्हा.

औषध खात्याकडे तक्रार झाली. गोदामाला कुलूप लागलं, पण माई त्याआधीच निघून गेली होती. दुसरीकडे कुठेतरी नव्या नावाने डबी विकली जाते, असं कानावर येतं. म्हणून हे लिहिते आहे. डबीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल, तर ती घरात आणू नका. गुण आला म्हणजे चमत्कार झाला असं नाही. गुण आला म्हणजे आत काहीतरी आहे, ते काय आहे ते विचारा. आणि लेकराचं अंग बदललं तर पडदे ओढू नका, डॉक्टरांचं दार वाजवा. लेकरालाही सांगा, तिच्याच अंगाबद्दल, तिला कळेल अशा शब्दांत. आम्ही ते सगळ्यात शेवटी केलं.

परवा डॉक्टरीणबाईंनी पिटूला पुन्हा तपासलं. "हाडं वयाला धरून आहेत. हे सगळं मागे जाईल हं, राणी. अधूनमधून उंची मोजायला यायचं."

परतताना तिने माझं बोट धरलं.

"आई, मागे जाईल म्हणजे नव्हतंच असं होईल?"

"हो, बाळा."

"आणि त्या सगळ्यांनी मला बघितलं, ते? तेही मागे जाईल?"